कंदील विकता विकता शाळा काढणारा माणूस : कर्मवीर भाऊराव पाटील



श्रावण लागला की आपल्या स्मरणिका समितीचा फोन येतो आणि मी दरवर्षी तेच उत्तर देतो की मी रेल्वेचा माणूस, माझा संबंध लोको, ब्रेक आणि ब्रेकडाउनशी, लेखणीशी नाही. पण यंदा नकार देता आला नाही. त्याचे कारण असे की वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन पद्मनाभपूरकडे फिरताना एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी चहाला थांबलो आणि बोलणे शाळेवर गेले. ते बोलणे एका संध्याकाळी संपले नाही, तीन संध्याकाळी चालले. दुसऱ्या दिवशी सरकारी हिंदी शाळेतले एक गुरुजी येऊन बसले. तिसऱ्या दिवशी आपल्या मंडळातल्या एक वहिनी आल्या, त्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतात. शाळा नेमकी कशासाठी असते, असा सरळ प्रश्न मी विचारला होता. वहिनींनी सांगितले की पालकांच्या लेखी शाळा आता कोचिंगला जाण्याआधीची वेळ काढण्याची जागा झाली आहे. गुरुजींचे म्हणणे होते की त्यांच्या शाळेतली निम्मी मुले आधी दुपारच्या जेवणासाठी येतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, जेवलेले मूलच शिकते. मुख्याध्यापक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले की हजेरीपटात आलेल्या मुलांची नावे शिक्षक बघतो, मुख्याध्यापकाने मात्र जे मूल आलेच नाही त्याच्याकडे बघायचे असते. आपल्या नोकरीत हे किती जमले याचा हिशेब आता निवृत्तीनंतर करतो आहे, असेही ते म्हणाले.

घरी येताना मला कर्मवीर अण्णा आठवले. माझे बालपण कऱ्हाड तालुक्यातले. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत मी दहावी झालो आणि कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलो. माझे वडील तर १९६० च्या दशकात रयतच्या बोर्डिंगात राहून शिकले. त्यांच्या डाव्या अंगठ्याचे नख कायमचे वाकडे होते, खडी फोडताना हातोडा बसला होता. लहानपणी ते वाकडे नख आम्हाला गमतीचे वाटे. आपल्या मंडळात बहुतेक मंडळी विदर्भातली, भंडारा, गोंदिया, नागपूर, अमरावतीकडची. साताऱ्याकडचे आम्ही मोजकेच. म्हणून हा परिचय.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज येथे, आजोळी झाला. घराणे सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकचे, शेतकरी जैन. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते, आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे शाळा सारख्या बदलत. (बदलीची नोकरी काय असते हे आपल्या रेल्वे कॉलनीत कुणाला सांगायला नको.) मुलगा अंगापिंडाने दणकट, कुस्तीचा शौकीन आणि हट्टी. एका विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून या मुलाने तिथला रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्या भागात सांगितली जाते.

पुढे कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि राहायची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. अभ्यासात, विशेषतः गणितात, गाडी काही पुढे सरकेना. इंग्रजी सहावीत ते अडकले ते अडकलेच. याबद्दलचा किस्सा प्रसिद्ध आहे. खुद्द राजर्षी शाहू महाराजांनी या मुलाला वर घाला म्हणून शब्द टाकला, तेव्हा गणिताच्या शिक्षकांनी उत्तर पाठवले की भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वर चढवतो, पण भाऊरावाला चढवता यायचे नाही. राजाच्या शब्दालाही त्यांनी पास केले नाही! मला या गोष्टीतले ते शिक्षकही आवडतात. ज्या माणसाने पुढे शेकडो शाळा काढल्या तो मॅट्रिकही नव्हता हे सांगताना आपण हसतो, पण तो ज्या शाळेत नापास झाला ती शाळाही खरी होती हे विसरतो.

बोर्डिंगमधून मात्र त्यांना जावे लागले ते अभ्यासामुळे नव्हे. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात यायचे नाही असा नियम त्यांना सांगण्यात आला. त्यांनी आंघोळीला नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे होते. लठ्ठे मोठे विद्वान, सुधारक, पण संस्थेचा नियम तो नियम. भाऊरावांना बाहेर काढले गेले आणि पुढे काही काळ ते शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे काढली होती, ज्याच्या त्याच्या सोयीने. भाऊरावांच्या मनात तिथेच प्रश्न उभा राहिला असावा की ही सगळी मुले एकाच छपराखाली, एकाच पंगतीत का जेवू नयेत. १९०९-१० च्या सुमारास त्यांनी मित्रांबरोबर दूधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला तो याच विचाराने.

शिक्षण सुटल्यावर ते साताऱ्याकडे शिकवण्या करू लागले. स्वतः सहावी नापास, पण मुलांना शिकवण्यात हातखंडा. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. मला वाटते, ज्याला एखादी गोष्ट सहज येत नाही त्यालाच ती दुसऱ्याला कुठे अडेल ते कळते. आमच्या शेडमध्येही नवीन मुलांना काम शिकवायला मी हुशार माणूस देत नाही, जो स्वतः चुकत चुकत शिकला त्याला देतो.

आता १९१४ सालची गोष्ट. माझ्या मते या चरित्रातले सर्वांत कठीण प्रकरण हेच आहे. कोल्हापुरात एका ब्रिटिश राजाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. लठ्ठ्यांचे आणि दरबाराचे तोवर बिनसले होते, संशय त्यांच्यावर आला. पुरावा हवा होता. भाऊरावांनी लठ्ठ्यांच्या विरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले. विचार करा, ज्या माणसाने आपल्याला वसतिगृहाबाहेर काढले त्याच्यावर सूड घ्यायची आयती संधी! पण खोटी साक्ष द्यायला भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यांना कोठडीत टाकले, छळ झाला, तो इतका की त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. अखेर सुटका झाली, लठ्ठेही त्या किटाळातून सुटले. ज्या कोल्हापूर संस्थानच्या कोठडीत हे सोसले त्याच संस्थानच्या अधिपतीचे, शाहू महाराजांचे, नाव त्यांनी पुढे आपल्या बोर्डिंगला दिले. माणसाने केलेले काम आणि त्याच्या अमलात आपल्याला झालेला त्रास हे त्यांनी वेगवेगळ्या खात्यांत ठेवले. आपल्यापैकी किती जणांना हे जमेल? मला एका जुन्या साहेबाने दिलेली एक चार्जशीट वीस वर्षांनीही विसरता येत नाही, म्हणून विचारतो.

यानंतरची आठ-दहा वर्षे भाऊराव फिरतीवर होते, आणि आमच्यासारख्या लोखंडाच्या माणसांना हा भाग फार जवळचा वाटेल. त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार केला आणि ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी फिरून कंदील विकले. किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी ही दोन्ही ठिकाणे पुणे-मिरज मार्गावरची. आजचे कऱ्हाड रेल्वे स्टेशन ओगलेवाडीलाच आहे, गावापासून चांगले पाच किलोमीटर दूर. तेव्हा ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन होती, ब्रॉडगेज झाली १९७० च्या सुमारास.

लोखंडी नांगर विकणे सोपे नव्हते. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हा गावोगाव मुक्काम करायचा, चावडीवर बसायचे, शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे, नांगर प्रत्यक्ष चालवून दाखवायचा. भाऊरावांना हे उत्तम जमे. आणि हे करताना त्यांनी जे पाहिले ते एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याच्या तपासणीत दिसले नसते. गावात शाळाच नाही. जिथे आहे तिथे कुणब्याचे पोर गुरांमागे आणि महार-मांगांचे पोर शाळेच्या उंबऱ्याबाहेर. कागद वाचता येत नाही म्हणून सावकाराच्या वहीवर अंगठा. कंदील विकला जाई, पण त्या उजेडात वाचणारे घरात कोणी नसे.

हा शेवटचा विचार त्यांचा नव्हे, माझा आहे, पण त्यांच्या मनात तो आला नसेल असे मला वाटत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. भाऊराव तेव्हा महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत पुरते मुरले होते. संस्थेच्या नावातला रयत हा शब्द मुद्दाम घेतलेला. सरदार नाही, भिक्षुक नाही, सावकार नाही, तर रयत! सुरुवात झाली ती शाळेने नव्हे, वसतिगृहाने. हे लक्षात घेण्यासारखे आहे. शाळा तालुक्याच्या गावी सरकारची असते, पण वाडीवरचे पोर तिथे राहणार कुठे आणि खाणार काय? गाडी चालवायची तर आधी रूळ टाकावे लागतात. भाऊरावांनी रूळ टाकायला घेतले.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, सगळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. आज हे वाचून कोणाला नवल वाटणार नाही. पण त्या काळी अशा पंगतीला मुलगा बसला म्हणून घरचे लोक येऊन त्याला घेऊन जात. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले असता त्यांच्या हस्ते या बोर्डिंगचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. एकत्र जेवणारी ही मुले पाहून गांधीजींना फार समाधान वाटले आणि पुढे त्यांच्याकडून बोर्डिंगला मदतही मिळू लागली.

मधल्या काळात भाऊराव साताऱ्याच्या कूपर कारखान्यात होते. धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्यासाठी त्यांनी भांडवल उभारायला हिंडून मदत केली. नफ्यातून बोर्डिंगला वाटा मिळेल ही त्यांची अपेक्षा होती, ती फळाला आली नाही. दोघांचे फाटले. भाऊराव संतापी होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही लपवलेले नाही. मात्र ते फाटले नसते तर ते चांगल्या पगाराचे कारखानदारी मॅनेजर होऊन निवृत्त झाले असते, ही शक्यताही आहेच. तिथून पुढे त्यांनी दुसरे काम धरले नाही.

आता लक्ष्मीबाईंविषयी. त्या कुंभोजच्या पाटील घराण्यातल्या, सुखवस्तू घरच्या, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. लग्नात अंगावर भरपूर सोने होते. नवऱ्याने घरात एकेक मूल आणायला सुरुवात केली, कोणत्या जातीचे ते विचारायची सोय नाही. सुरुवातीला त्यांना हे जड गेले. मग हळूहळू तीच मुले त्यांची झाली. कोणाला ताप आला तर रात्र काढायची, कोणाच्या डोक्यात खरूज झाली तर ते डोके स्वतःच्या हाताने धुवायचे. बोर्डिंगात धान्य संपले की एक दागिना बाहेर पडे. असे करता करता सगळे सोने गेले. एकदा भाऊराव वर्गणीसाठी बाहेरगावी असताना पीठ संपले, मुले उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेची भरभराट त्यांनी पाहिली नाही.

ही मंगळसूत्राची गोष्ट शाळेत आम्हाला दरवर्षी सांगत आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. आता संसार चालवतो तेव्हा ती गोष्ट वेगळी ऐकू येते. त्या बाईंना कोणी विचारले होते का? घरात स्वतःची मुले होती, त्यांच्या वाटचे काय? भाऊरावांच्या नावापुढे कर्मवीर लागले ते योग्यच. पण महिनाअखेरीस डबा रिकामा दिसल्यावर काय करायचे हा प्रश्न त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईंना जास्त वेळा पडला असणार. माझी आई म्हणे की बोर्डिंग अण्णांनी काढले आणि चालवले वहिनींनी. आमच्या भागातल्या जुन्या बायका लक्ष्मीबाईंना वहिनी म्हणत.

पैसा कोठून येई? मोठे देणगीदार थोडे. मुष्टिफंड ही त्यांची खास पद्धत. घरातल्या बाईने रोज दळणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे, ते महिन्याने बोर्डिंगला जायचे. गरीब घरालाही मूठभर धान्य जड नाही, आणि ज्या घराने मूठ टाकली ते घर उद्या आपले पोर पाठवायला तयार होते. आपण वर्गणीची पावती फाडतो तेव्हा हा दुसरा हिशेब आपल्या लक्षात असतो का, असे मला कार्यकारिणीच्या बैठकीत विचारायचे होते, राहून गेले, म्हणून इथे लिहितो.

१९३२ मध्ये पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. इथे मला त्या तीन संध्याकाळच्या चर्चेतला दुसरा प्रश्न आठवतो, चांगला शिक्षक आणायचा कोठून? भाऊरावांचे उत्तर व्यवहारी होते. शहरातला पदवीधर वाडीवर टिकत नाही, तेव्हा वाडीवरच्याच हुशार पोराला शिकवून शिक्षक करायचे आणि परत वाडीवर पाठवायचे. त्याला नांगर धरता आला पाहिजे, भाकरी थापता आली पाहिजे आणि गावच्या पाटलाशी बोलताही आले पाहिजे.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि जिथे शाळा नाही अशा गावात खासगी संस्थेने शाळा काढली तर सरकार थोडे अनुदान देऊ लागले. यांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या डोंगरावर रयतने अशी शाळा काढली आणि मग सपाटाच लावला. देवळात, चावडीत, गोठ्यात, जिथे छप्पर मिळेल तिथे शाळा. एक शिक्षक, एक फळा. जावळी-पाटणच्या ज्या वाड्यांवर पावसाळ्यात माणूस चढत नाही तिथे हे तरुण शिक्षक जाऊन राहिले. अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी यंत्रणेकडे सोपवण्यात आल्या. आपण वाढवलेल्या शाळा दुसऱ्याच्या हाती देताना त्यांना काय वाटले असेल कोण जाणे, पण त्यांनी दिल्या आणि ते पुढच्या कामाला लागले.

पुढचे काम म्हणजे हायस्कूल. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फी नाही, राहण्याची सोय, आणि अट एकच, काम करायचे. कमवा आणि शिका ही योजना आज अनेक विद्यापीठांच्या माहितीपत्रकात दिसते, तिचे मूळ इथे आहे. मुले सकाळी माळरानावर खडक फोडत, विहिरी खणत, शेत करत, इमारतीच्या भिंती बांधत आणि मग वर्गात बसत. याच्यावर टीका झाली. शिकायला आलेल्या पोरांना मजूर करता काय, असे शहरातले लोक म्हणत. भाऊरावांचा मुद्दा वेगळा होता. फुकट मिळालेल्या भाकरीने माणूस लाचार होतो आणि शिकून कष्टाची लाज वाटू लागली तर ते शिक्षण बापाला परके होते. माझे वडील खडी फोडत तेव्हा अण्णा हयात नव्हते, पण रीत तीच होती. वडील सांगत की सुट्टीत गावी गेल्यावर आजोबांबरोबर बांधावर बसताना कधी अवघडल्यासारखे वाटले नाही, कारण हात दोघांचेही सारखेच खरखरीत होते. मी मात्र डिप्लोमा झाल्यावर पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा पांढरा शर्ट मळेल म्हणून गोठ्यात गेलो नाही. ते वडिलांनी पाहिले, बोलले काही नाहीत.

जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, हेही कमवा आणि शिका तत्त्वावर. असे सांगतात की एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला आपले नाव द्यावे. भाऊरावांनी ती रक्कम नाकारली. एक वेळ बापाचे नाव बदलीन पण कॉलेजचे नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर साताऱ्यात अजून सांगितले जाते. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये त्यांनी महात्म्याच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. आणि नेमक्या त्याच काळात सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले.

कारण काय? भाऊरावांची जीभ. सरकारच्या धोरणावर ते उघड टीका करत, आणि बेचाळीसच्या चळवळीतल्या भूमिगतांना आसरा देणारा हा माणूस स्वराज्यातल्या मंत्र्यांनाही घाबरत नव्हता. अनुदान थांबले तसे शिक्षकांचे पगार थांबले. अशा वेळी संस्था कोसळतात. इथे शिक्षक पगाराशिवाय शिकवत राहिले, मुलांनी जास्त काम केले आणि खेड्यांतल्या लोकांनी धान्य-पैसा गोळा केला. शेवटी गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. एक अक्षर न शिकलेला संत आणि एक सहावी नापास मास्तर, यांच्यासाठी सरकारला फेरविचार करावा लागला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाडला कॉलेज काढताना भाऊरावांनी त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

मुख्याध्यापक कसा असावा याबद्दल भाऊरावांनी पुस्तक लिहिले नाही. पण त्यांची एक सवय माझ्या वडिलांच्या शिक्षकांनी त्यांना सांगितली होती. शाखेला भेट द्यायला आले की ते कचेरीत न जाता आधी भटारखान्यात जात, मग आजारी मुलांच्या खोलीत, आणि वर्गात सर्वांत शेवटी. हुशार मुलांसाठी मात्र ते जगाशी भांडत. बोर्डिंगातल्या पी. जी. पाटील या मुलाला त्यांनी विलायतेला पाठवून बॅरिस्टर केले. ते परत येऊन संस्थेत शिकवू लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ हे साल आपल्या भिलाईत सर्वांना पाठ असते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली धमनभट्टी सुरू झाली. त्याच्या नऊच दिवस आधी, प्रजासत्ताकदिनी, भाऊरावांना पद्मभूषण जाहीर झाले. ५ एप्रिलला पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली. प्रकृती फार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हा संस्थेची हायस्कुले शंभराच्या घरात गेली होती. त्या भट्टीपाठोपाठ इथे नोकरीला आलेल्या आपल्या पहिल्या पिढीत रयतच्या बोर्डिंगातून आलेली दोन-तीन माणसे होती, असे जुन्या सभासदांकडून ऐकले आहे. त्यातले आता कोणी राहिले नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन गावी गेलो होतो. ती भिलाईत दहावीला आहे, संध्याकाळी कोचिंगला जाते. तिथे दर महिन्याच्या परीक्षेनंतर मुलांच्या तुकड्या बदलतात, कमी गुण पडले की खालच्या तुकडीत. साताऱ्याला अण्णांच्या समाधीजवळ उभे असताना मी तिला बाकाची गोष्ट सांगितली. ती हसली आणि मग विचारू लागली की बाबा, ते आमच्याकडे असते तर कोणत्या तुकडीत बसले असते? मला उत्तर देता आले नाही. मी तिला लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगायला घेतली, पण तेवढ्यात रिक्षावाला घाई करू लागला. संध्याकाळच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला यायचे होते आणि तिथून दुर्गची गाडी पकडायची होती. गाडीत वरच्या बर्थवर पडल्या पडल्या तिने बाकीची गोष्ट सांगायला लावली. नगर येईपर्यंत आम्ही व्हॉलंटरी शाळांपर्यंत पोहोचलो होतो.